भीमेचे माहेर
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



शिरूर-दौंडच्या बायकांपुढे डोंगराविषयी काय बोलायचे, असे एखादीच्या मनात येईल. आपल्याकडे माळ आहेत, टेकड्या आहेत आणि यवतच्या वरचा भुलेश्वर आहे. पाऊस म्हणाल तर वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही लहरी. पण शिरूरला घोडनदीच्या काठी किंवा दौंडला भीमेच्या काठी उभे राहिले की जे पाणी दिसते ते बहुतेक आपल्या पावसाचे नव्हे. भीमा उगवते भीमाशंकरी आणि घोड त्याच रांगेत आहुप्याच्या बाजूला. तिकडे पाऊस पडतो तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. चासकमान आणि डिंभे या धरणांत तो अडतो आणि कालव्यांनी शिरूरच्या रानापर्यंत येतो. पुढे रांजणगाव सांडसला मुळा-मुठा पुण्याचे सांडपाणी घेऊन भीमेला मिळते. त्याविषयी बोलू लागले तर ते दुसरे व्याख्यान होईल. आज मला भीमेच्या सासरचे नव्हे, माहेरचे सांगायचे आहे.

उतारावर दाट रान असले म्हणजे पाऊस आधी पानांवर पडतो, मग पाल्यापाचोळ्यावर आणि मग सावकाश जमिनीत मुरतो. तेच पाणी पुढे महिनोन्‌महिने झऱ्यांतून येत राहते. उतार उघडा पडला की तोच पाऊस चार तासांत धावत सुटतो आणि माती बरोबर घेऊन जातो. ती माती धरणात बसते आणि तेवढी पाण्याची जागा कमी होते. याहून भयंकरही घडते. ३० जुलै २०१४ च्या पहाटे डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या माळीण गावावर डोंगर घसरला आणि दीडशेवर माणसे गाडली गेली. पाऊस अतोनात होता हे खरे. पण उताराची माती हलवल्यामुळे डोंगर सैल झाला काय, ही चर्चाही तेव्हा पुष्कळ झाली.

हे रान आजवर टिकले कुणामुळे? थोडे देवामुळे, म्हणजे देवरायांमुळे. देवाच्या नावाने राखलेल्या रानातली काडीही मोडायची नाही, हा तिथल्या महादेव कोळी लोकांचा जुना नेम. पुण्याचे वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात अशा देवराया हिंडून पाहिल्या आणि त्यांचे मोल शास्त्राच्या भाषेत मांडले. १९८५ साली भीमाशंकरचे अभयारण्य झाले. सुमारे १३० चौरस किलोमीटरचे. आपल्या राज्याचा प्राणी म्हणून मान मिळालेला शेकरू तिथे उड्या मारताना दिसतो. पण अभयारण्याच्या शेजारीच पठारावर पवनचक्क्यांसाठी रस्ते खोदले गेले, आणि गाडगीळ समितीला २०११ च्या अहवालात त्याबद्दल लिहावे लागले. तेव्हा कायद्याने सगळे राखले जाते, असे मला वाटत नाही.

आता आपल्या फडताळातली त्रिफळाचूर्णाची डबी आठवा. त्यातला आवळा ओळखीचा. हिरडा आणि बेहडा मात्र या डोंगरातले. आंबेगाव-जुन्नरच्या वरच्या गावांत बाळहिरडा गोळा करून, वाळवून विकणे हा कित्येक घरांचा रोख पैशाचा मोठा आधार आहे, आणि ते काम बरेचसे बायकाच करतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याची झाडेच्या झाडे मोडली. भाताचे नुकसान झाले तर पंचनामा होतो. हिरड्याच्या नुकसानीला भरपाई मिळावी म्हणून त्या लोकांना पुढे किती खेटे घालावे लागले!

बेहड्याची गोष्ट निराळी. हा वृक्ष प्रचंड वाढतो, म्हातारा झाला की त्याच्या खोडाला ढोली पडते. उत्तर सह्याद्रीत धनेश पक्ष्याची मादी अशा ढोलीत शिरून दार लिंपून घेते. एक बारीक फट तेवढी ठेवते. अंडी उबवून पिले थोडी मोठी होईपर्यंत ती आत, आणि नर बाहेरून फळे आणून भरवतो. (बाळंतिणीची एवढी बडदास्त आपल्यापैकी किती जणींच्या वाट्याला आली, ते ज्याचे त्याने आठवावे!) खाल्लेल्या फळांच्या बिया हा पक्षी रानभर टाकतो. म्हातारा बेहडा गेला की ढोली गेली. ढोली गेली की धनेश गेला, आणि रान पेरणारा एक गडी कमी झाला. पण लाकडाच्या व्यापाऱ्याला ढोली दिसत नाही, आणि नडलेल्या माणसाला हातात पडतील ते पैसे हवे असतात.

इथे पुण्याच्या एका संस्थेने धोरणीपणा दाखवला. अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन हे तिचे लांबलचक नाव. १९९५ पासून ती सह्याद्रीत काम करते. झाडे तोडू नका, असा उपदेश करण्यापेक्षा उभ्या झाडाला भाव मिळवून द्यावा, हा तिचा विचार. भीमाशंकरच्या बाजूच्या महादेव कोळी तरुणांना तिने हाताशी धरले. झाडाला इजा न करता फळ गोळा करायचे, फांदी ओरबाडायची नाही, रानातल्या जीवांचा वाटा ठेवायचा, नीट वाळवायचे. अशा रीतीने जमवलेल्या हिरड्या-बेहड्याला २०१५ च्या सुमारास फेअरवाइल्ड नावाचे प्रमाणपत्र मिळाले. इंग्लंडची एक वनौषधी-चहाची कंपनी तो माल चांगल्या भावाने घेऊ लागली. झाड एकदा तोडले तर एकदाच पैसे; राखले तर दरसाल. हा हिशेब कोणत्याही गृहिणीला पटकन कळतो, आणि म्हणूनच मला तो भाषणांपेक्षा भरवशाचा वाटतो.

मला खटकते ते एवढेच की, या फळाची पारख सातासमुद्रापलीकडच्या गिऱ्हाइकाने केली. भीमेचे पाणी पिणारे आपण त्रिफळाचूर्ण घेताना डबीवरची किंमत पाहतो, त्यातले फळ कुणी आणि कसे वेचले ते विचारत नाही. आपल्या मंडळाचा मसाल्यांचा आणि पापडांचा उद्योग चांगला चालला आहे. त्यात त्रिफळाचूर्णाची भर घालता येईल. माल थेट वेचणाऱ्या बायकांच्या गटाकडून घ्यावा. बेहडा थंडीत पिकून गळतो, तेव्हा चौकशीला दिवाळीनंतर लागलीच सुरुवात करावी.

दुसरे, श्रावणातल्या भीमाशंकराच्या यात्रेविषयी. त्या दिवसांत तिथे काय गर्दी उसळते आणि मागे प्लॅस्टिकचा केवढा ढीग राहतो, हे जाऊन आलेल्यांनी पाहिले आहे. आपली गाडी या वर्षी जाणारच असेल तर पाण्याची भांडी घरून न्यावीत, शिदोरी फडक्यात बांधावी आणि रिकाम्या पिशव्या परत आणाव्यात. वाटेत आंबेगावच्या बाजूला एखाद्या गावी तासभर थांबता आले तर तिथल्या बायकांशी हिरड्याच्या भावाविषयी बोलावे. वही-पेन्सिल बरोबर असू द्यावी. भाव, वजन आणि माल कुठे पोचता होईल, हे तिथल्या तिथे टिपून घेता येईल.