बियाण्याचे भात : मेंदूच्या पहिल्या दिवसांतील प्रथिने



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ हे व्याख्यान होत आहे त्यांनी मला एकदा एक प्रश्न विचारला होता आणि मला त्याचे उत्तर देता आले नव्हते. आजचे व्याख्यान म्हणजे ते उत्तर होय. ते द्यायला मला सुमारे चाळीस वर्षे लागली. गुरुजी असते तर उशिराबद्दल त्यांनी छडी काढली असती, आणि मी निमूटपणे हात पुढे केला असता.

१९८६-८७च्या सुमारास गुरुजींच्या वर्गात, शेवटच्या बाकावर, एक मुलगी येऊन बसत असे. तिचे नाव पटावर नव्हते. शाळेमागच्या गल्लीत तिचे घर. वयाच्या मानाने तिचे डोके फारच लहान होते आणि बोलणे चार-दोन शब्दांपुरते. गुरुजी तिच्या हाती पाटी देत आणि काही न बोलता पुढे शिकवीत राहत. गल्लीने मात्र तिच्या आईचा निकाल केव्हाच लावून टाकला होता. १६ फेब्रुवारी १९८० रोजी अंकोला-हुबळीच्या पट्ट्यातून खग्रास सूर्यग्रहण दिसले आणि आपल्या बेळगावातही दुपारी अंधारून आले, हे येथील ज्येष्ठांना स्मरत असेल. त्या दिवशी ही बाई चार महिन्यांची गर्भवती होती आणि तिने विळीवर भाजी चिरली, असा आरोप होता. सासूने तो केला, शेजारणींनी उचलून धरला आणि त्या माउलीने तो मुकाट्याने मान्य केला. त्या वेळी मी प्राणिशास्त्राचा अध्यापक होतो. गुरुजी मला म्हणाले, “अरे, तू एवढा शिकलास, तर त्या बाईला काय सांगायचं ते मला सांग.” मी गप्प बसलो, कारण सांगण्यासारखे मला काहीच ठाऊक नव्हते.

आता मूळ विषयाकडे वळू. गर्भधारणेनंतर साधारण चौथ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीवर एक नळी मिटते. तिच्या वरच्या टोकाचा मेंदू होतो. या नळीच्या आतल्या भिंतीला लगटून ज्या पेशी उभ्या असतात त्यांच्यापासून पुढे चेतापेशी जन्मतात. प्रौढ मेंदूत अशा चेतापेशी सुमारे ८,६०० कोटी असतात. भिंतीलगतची पेशी दुभंगते तेव्हा तिच्यासमोर दोन मार्ग असतात. एक तर तिच्यासारख्याच दोन पेशी होतील, किंवा एक तिच्यासारखी राहील आणि दुसरी चेतापेशी होऊन बाहेरच्या थराकडे निघून जाईल. चेतापेशी मात्र पुन्हा दुभंगत नाही.

आपण भातपिकाच्या प्रदेशातली माणसे, तेव्हा हे आपल्याला चटकन उमगेल. भात पेरता येते, तांदूळ पेरता येत नाही. भिंतीलगतच्या पेशी म्हणजे बियाण्यासाठी राखलेले भात आणि चेतापेशी म्हणजे कांडलेला तांदूळ. ज्या घरात कणगीतले बियाणे वेळेआधीच कांडले जाते तिथे त्या दिवशी ताटात भात जास्त पडतो आणि पुढच्या सुगीला खळे रिकामे राहते. मेंदूचेही तसेच. आरंभीच्या दुपटीच्या फेऱ्यांतली एक जरी हुकली तरी पुढचे सारे पीक निम्म्यावर येते.

कांडायचे की राखायचे, हे कोण ठरवते? येथे प्रथिने येतात. प्रथिन म्हटले की आपल्याला डाळ आणि अंडे आठवते. पण पेशीच्या आत प्रथिने ही कामकरी मंडळी आहेत. पेशी दुभंगताना तिच्या पोटात सूक्ष्म तंतूंची एक चाती तयार होते, अगदी सूत कातण्याच्या चातीसारखी. तिच्या दोन्ही टोकांना सेंट्रोसोम नावाचे खुंटे असतात. चाती भिंतीला समांतर राहिली तर दोन्ही लेकींना सारखा वाटा मिळतो आणि दोघीही बियाणे राहतात. ती कलली तर एकीचा भिंतीशी संबंध सुटतो आणि ती चेतापेशी होण्याच्या वाटेला लागते. त्या खुंट्यांशी राबणारी काही प्रथिने आज नावानिशी माहीत आहेत. एएसपीएम या प्रथिनाचे जनुक २००२ मध्ये हाती आले. सीडीके५आरएपी२ हे दुसरे. त्यातील बिघाडाने डोके लहान राहते हे २००५ मध्ये कळले. दोन्ही शोधांना आधार झाली ती उत्तर पाकिस्तानातील, नात्यात विवाह करणारी कुटुंबे.

परंतु जनुक सापडले म्हणजे गर्भात काय घडते ते दिसले असे नव्हे. सहा आठवड्यांच्या मानवी गर्भात डोकावून प्रयोग करता येत नाही आणि करूही नये. राहता राहिला उंदीर. उंदराच्या मोठ्या मेंदूच्या बाह्य थरातील चेतापेशी सहा-सात दिवसांत घडून जातात. मनुष्यात या कामाला सुमारे शंभर दिवस लागतात. ज्याची पेरणीच इतकी थोडकी, त्याच्याकडे बियाण्याचा तोटा कितीसा जाणवणार? हीच जनुके बिघडवली तरी उंदरांत माणसाइतका तीव्र परिणाम दिसत नव्हता.

वाट निघाली ती अनपेक्षित बाजूने. क्योटोच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेतील पेशींत चार जनुके घालून त्यांना मागे, मूलपेशींच्या अवस्थेत नेऊन दाखवले. त्या चार जनुकांची चार प्रथिने हे काम करतात, आणि त्यांतले सॉक्स-टू हे प्रथिन पुढे मेंदूच्या बियाणे-पेशींतही कामावर असते. २०१२चे नोबेल पारितोषिक त्यांना जॉन गर्डन यांच्यासमवेत मिळाले. बेडकाच्या पक्व पेशीचे केंद्रक पुन्हा आरंभापासून जीव घडवू शकते, हे गर्डन यांनी १९६२ मध्येच मांडले होते. शाळेत ते जीवशास्त्रात वर्गात शेवटचे होते, आणि शास्त्रज्ञ होण्याची त्यांची इच्छा हास्यास्पद आहे असे मत त्यांच्या शिक्षकांनी प्रगतिपुस्तकात नोंदवले होते. गर्डन यांनी तो कागद पुढे चौकटीत लावून ठेवला. समोर बसलेल्या शिक्षकमित्रांनी शेरे लिहिताना लेखणी जरा जपून चालवावी, एवढेच म्हणतो.

व्हिएन्नामध्ये युर्गेन क्नोब्लिख यांच्या प्रयोगशाळेत मॅडलिन लँकेस्टर यांनी अशा मूलपेशींचे गोळे जेलीसारख्या थेंबात बसवले आणि पोषक द्रवात सतत फिरते ठेवले. ते आपोआप रचले जाऊ लागले. आत पोकळी, पोकळीलगत बियाणे-पेशी, बाहेर चेतापेशींचे थर. यांना ऑर्गनॉइड म्हणतात. ‘लहान मेंदू’ हे नाव आपल्याकडे आधीच दुसऱ्या अवयवाला दिलेले असल्यामुळे मी ‘मेंदूकल्प’ म्हणतो. याहून चांगला शब्द कोणी सुचवल्यास मी तो आनंदाने स्वीकारीन.

२०१३ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा गाभा असा. सीडीके५आरएपी२चे जनुक बिघडलेल्या एका रुग्णाच्या त्वचेतून मूलपेशी केल्या आणि त्यांपासून मेंदूकल्प वाढवले. ते लहानच राहिले. का, तेही आत पाहता आले : चाती मोठ्या प्रमाणावर कललेल्या होत्या, चेतापेशी वेळेआधीच जास्त संख्येने तयार झाल्या होत्या आणि बियाणे-पेशी थोड्या उरल्या होत्या. मग त्या पेशींत चांगले प्रथिन पुन्हा पुरवले, तेव्हा बियाणे-पेशींची स्थिती सुधारली. उंदराने जे नीट सांगितले नाही ते माणसाच्या कातडीच्या तुकड्याने सांगितले. पुढे २०१६ मध्ये, झिका विषाणू चेतापेशींवर येण्याआधी बियाणे-पेशींवरच घाला घालतो, हेही अशाच पेशींवर व मेंदूकल्पांवर दिसून आले.

मेंदूकल्प म्हणजे मेंदू नव्हे, हे सांगणे अगत्याचे आहे. तो साधारण चार मिलिमीटरपर्यंत वाढतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे गाभ्यातील पेशी प्राणवायूवाचून मरतात. आणि हा अभ्यास म्हणजे उपचार नव्हे. मूलपेशींचे इंजेक्शन देऊन मतिमंद मूल बरे करतो, अशा जाहिराती आपणही पाहिल्या असतील. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत रक्ताच्या काही विकारांसाठी होणारे प्रत्यारोपण सोडून अन्य मूलपेशी-उपचार केवळ रीतसर चाचण्यांतच करावेत असे स्पष्ट म्हटले आहे. अशा जाहिरातीपायी शेत विकलेले एक कुटुंब माझ्या परिचयाचे आहे.

तीन वर्षांपूर्वी त्या गल्लीतले घर मला पुन्हा भेटले. ती मुलगी आता चाळिशीपलीकडची आहे, भावाकडे असते आणि अंगणातली फुले तोडून परडीत भरते. तिच्या आईचे लग्न सख्ख्या मामाशी झाले होते. आपल्या भागात हे नवे नाही. मामा-भाचीत सरासरी एक चतुर्थांश जनुके समान असतात. एकच दोष दोघांच्याही ठायी दडलेला असला तर प्रत्येक गर्भाला चारात एक धोका राहतो. लहान डोक्याची कारणे अनेक, जर्मन गोवरापासून जन्मवेळच्या श्वासरोधापर्यंत. परंतु घरात पुन्हा एक मामा-भाचीचे स्थळ चालले होते, म्हणून मी त्यांना जनुकीय सल्ल्यासाठी पाठवले. एएसपीएमच्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष निघाल्या. एक आईकडून, एक वडिलांकडून. नवऱ्यामुलाची आणि मुलीची तपासणी झाली. दोघेही त्या दोषाचे वाहक निघाले आणि ते स्थळ थांबले.

अहवाल घेऊन मी गेलो तेव्हा ती माउली, आता ऐंशीकडे झुकलेली, ओसरीवर बसली होती. मी तिला चाती, खुंटे, बियाण्याचे भात, सारे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे गिराणाचं काही नव्हतं?”

मी म्हटले, “नव्हतं, काकू.”

“आणि हे आमच्या ह्यांच्याकडूनही आलं?”

“अर्धं त्यांच्याकडून.”

ती बराच वेळ परडीकडे पाहत राहिली. मग सुनेला चहा टाकायला सांगितला.