ब्रेकअपच्या गोष्टीत जात कुठे जाते?

(रायपूर येथे विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण घरी मराठी आणि बाहेर हिंदी-छत्तीसगढी बोलत वाढलो, पण प्रेम कसं करायचं हे सगळ्यांना शिकवलं सिनेमानेच. नजरानजर, गाणं, गैरसमज, ब्रेकअप, मग स्टेशनवर धावाधाव. इथेच एम.ए. करताना माझं चार वर्षांचं नातं तुटलं, तेव्हा मीही गैरसमजच शोधत बसले. माझं बोलणं चुकलं? कपडे? इंग्रजी? तो एवढंच म्हणाला होता, "घरी चालणार नाही."

'सैराट' (2016) पुन्हा बघा. 'झिंगाट' आणि शेवट सगळ्यांना आठवतो, मधलं हैदराबाद फारसं कुणी काढत नाही. नागराज मंजुळे यांनी तिथे नातं मोडायला आलेलं दाखवलंय. पाटलाची आर्ची झोपडपट्टीत रमत नाही. परश्या डोसे करतो, ती कारखान्यात जाते, तो संशय घेतो, हात उचलतो. ती रेल्वेत बसते आणि परत येते. परश्या आपला आहे म्हणून त्याचा तो हात मी माफ करणार नाही. पण हे भांडण नुसतं स्वभावाचं नाही. भाडं, परकी भाषा, मागे सुटलेलं घर, सगळं त्यात आहे. आणि हे दोघं पळाले कशामुळे, ते तर आपल्याला माहीतच आहे.

'धडक' (2018) मध्ये 'झिंगाट' हिंदीत आलं, गोष्ट उदयपूरला गेली, जात मात्र कुजबुजीपुरती उरली. मग प्रेक्षकाला दिसतो श्रीमंत मुलगी-गरीब मुलगा, नेहमीचाच मामला.

बातम्यांत हेच काम 'प्रेमप्रकरणातून' हा शब्द करतो. 2014 साली अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात एका शाळकरी दलित मुलाचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलतो, हा संशय. 2017 मध्ये आरोपी निर्दोष सुटले. याला प्रेमप्रकरण म्हटलं की खून दोन घरांपुरता होतो, गाव बाहेर राहतं.

संशोधनासाठी मी आता असे शब्द गोळा करते: 'घरचा विरोध', 'स्टेटस', 'मॅच होत नाही'. गंमत म्हणजे यादीतलं पहिलं वाक्य मला मुलाखत घेऊन मिळवावं लागलं नाही.

"का चालणार नाही?" असं मी त्याला विचारायला हवं होतं. तो शब्द त्याच्या तोंडून यायला हवा होता. मी "बरं" म्हणाले आणि हॉस्टेलवर आले.