दुकान गेलें, बिल्ला राहिला

सभासंमेलनांत स्वयंसेवकाच्या छातीवर टाचलेला वाटोळा बिल्ला श्रोत्यांच्या परिचयाचा आहे. सभा संपली कीं तो खिशांत जातो, पुढें टेबलाच्या खणांत पडतो आणि विसरला जातो. अमेरिकेंत असे विसरलेले बिल्ले शोधून जतन करणारे पुष्कळ रसिक आहेत. त्यांच्या संग्रहांतील एक वर्ग विशेष उद्बोधक आहे. १९६० नंतरच्या दशकांत रूढ समाजाच्या चालीरीतींविरुद्ध तरुण पिढी उठली. तिनें थाटलेल्या दुकानांतून निघालेले हे बिल्ले होत.

या वस्तूची घडण साधी आहे. पत्र्याच्या वाटोळ्या चकतीवर छापील कागद ठेवावयाचा, त्यावर सेल्युलॉइडचा पातळ पारदर्शक पापुद्रा चढवावयाचा, त्यांच्या कडा मागें वळवून एका कड्यानें आवळावयाच्या आणि त्या कड्यांत तारेची टाचणी बसवावयाची. न्यूअर्क शहरांतील व्हाइटहेड अँड होग कंपनीनें १८९६ सालीं याचें पेटंट मिळविलें. त्याच वर्षीं मॅकिन्ले आणि ब्रायन यांच्यांत झालेल्या अध्यक्षपदाच्या निवडणुकींत हे बिल्ले घरोघर पोंचले. ज्याच्याजवळ वृत्तपत्र काढण्यास भांडवल नाहीं, त्यालाहि आपलें मत चार शब्दांत छापून मिरविण्याची सोय झाली.

व्हिएतनामच्या युद्धाच्या काळांत ही सोय बंडखोर तरुणांच्या कामीं आली. शिकागोंतील सॉलिडॅरिटी बुकशॉप या पुस्तकांच्या दुकानानें १९६५ सालीं ‘युद्ध नव्हे, प्रेम करा’ या अर्थाचे हजारों बिल्ले छापून शांततेच्या मोर्च्यांत वाटले. न्यूयॉर्कच्या सेंट मार्क्स प्लेस या रस्त्यावर रँडॉल्फ विकर यांनीं १९६७ सालीं ‘अंडरग्राउंड अपलिफ्ट अनलिमिटेड’ नांवाचें खास बिल्ल्यांचेंच दुकान काढलें. तें १९७१ पर्यंत चाललें. विकर हे समलिंगी व्यक्तींच्या हक्कांसाठीं उघडपणें झगडणारे गृहस्थ. त्या काळीं तशी ओळख पटल्यास केंद्र सरकारच्या नोकरीस मुकावें लागे. अशा वेळीं जें बोलणें धोक्याचें, तें पत्र्याच्या चकतीवर लिहून विकणें हा केवळ व्यापार नव्हता.

तथापि व्यापार तो होताच, आणि हा पेंच त्या तरुणांनाहि सुटला नाहीं. रॉन व जे थेलिन या बंधूंनीं जानेवारी १९६६ मध्यें सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट स्ट्रीटवर ‘सायकेडेलिक शॉप’ उघडलें आणि तें हिप्पींचें भेटीचें ठिकाण झालें. त्याच वस्तींत ‘डिगर्स’ नांवाचा गट अन्न व कपडे फुकट वाटी. पैशाच्या राज्याचा धिक्कार करावयाचा आणि त्या धिक्काराचाच गल्ला भरावयाचा, हें कसें, असा त्यांचा दुकानदारांना सवाल होता. अखेर ऑक्टोबर १९६७ मध्यें थेलिन बंधूंनीं माल वाटून टाकून दुकान बंद केलें. त्याच सुमारास, ६ ऑक्टोबर रोजीं, ‘हिप्पी मेला’ म्हणून त्या रस्त्यानें एक लटकी प्रेतयात्राहि निघाली.

डिगर्सचा सवाल रास्त होता. पण त्यानें बिल्ल्याचें मोल उणें होत नाहीं. दुकानदारानें पत्र्याचा तुकडा विकला. तो छातीवर लावल्यानंतरचा जबाब मात्र लावणारालाच द्यावा लागे. मिसिसिपी राज्यांतील एका शाळेंत १९६४ सालीं कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनीं मतदानाच्या समान हक्काचे बिल्ले लावले, म्हणून त्यांना कांहीं दिवस शाळेबाहेर राहावें लागलें. शाळेच्या कामांत व्यत्यय आलेला नसतां अशी मनाई करतां येत नाहीं, असा निर्णय वरिष्ठ न्यायालयानें १९६६ सालीं दिला. बिल्ल्याला किंमत येते ती अशा धैर्यामुळें.

म्हणूनच संग्राहकानें चकचकीतपणास भुलूं नये. जुन्या लोकप्रिय बिल्ल्यांच्या नकला पुष्कळ निघाल्या. राजकीय वस्तूंच्या नकलेवर ती तयार केल्याचें वर्ष उमटवावें, असा कायदाच अमेरिकेनें १९७३ सालीं केला. अस्सल बिल्ल्याच्या कडेवर पुष्कळदां कारखान्याचें नांव अथवा कामगार संघाची बारीक खूण आढळते. ती भिंगाखालीं पाहावी. बिल्ला पाण्यानें धुऊं नये. ओल पापुद्र्याखालीं शिरते, कागदावर डाग पडतात आणि पत्रा गंजतो. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे तो कोणीं, कोठें व कोणत्या प्रसंगीं लावला, हें एका चिठ्ठींत लिहून त्याच्या जोडीला ठेवावें.

हीं दुकानें बहुधा अल्पायुषी ठरलीं. त्यांच्या हिशेबाच्या वह्या कोणी जपल्या नाहींत. टाचणीनें वाकलेला, कडेस गंजलेला एखादा बिल्ला तेवढा त्यांची साक्ष देतो. साक्षीदाराचें नांवगांव टिपलें नाहीं, तर मात्र ती साक्ष मुकी राहते.