इंजिन ऑइल: वर्षाचा हिशेब



मौदा ते नागपूर हे अंतर पस्तीसेक किलोमीटर. या रस्त्यावर रोज मोटरसायकलनं अप-डाऊन करणारे खूप आहेत. त्यांना गॅरेजमध्ये हमखास एक प्रश्न पडतो: साधं ऑइल टाकायचं की सिंथेटिक? डब्यावरची किंमत पाहून बहुतेकजण साधंच घेतात. पण किंमत लिटरची असते आणि खर्च वर्षाचा. आज वर्षाचाच हिशेब करून पाहू.

रोजचे सत्तर किलोमीटर आणि वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे एकवीस हजार किलोमीटर झाले. गाडीत एक लिटर तेल मावतं असं समजू. हिशेबापुरतं साधं तेल चारशे रुपये लिटर, सिंथेटिक सातशे आणि मिस्त्रीची मजुरी शंभर धरू. तुमच्याकडचे दर वेगळे असतील, तर तुमचे आकडे घाला. साधं तेल दर तीन हजार किलोमीटरला बदललं तर वर्षात सात वेळा बदलावं लागेल. तेलाचे अठ्ठावीसशे आणि मजुरीचे सातशे, एकूण साडेतीन हजार. सिंथेटिक सहा हजारांवर बदललं तर वर्षाला सरासरी साडेतीन बदल पडतात. मजुरी धरून खर्च अठ्ठावीसशे. महाग तेल सातशे रुपयांनी स्वस्त पडलं!

आता गंमत बघा. सिंथेटिक टाकूनही मिस्त्रीच्या सवयीनं तीन हजारांनाच काढून टाकलं, तर तोच खर्च छप्पनशेवर जातो. आणि जो गावातच फिरतो, वर्षाला जेमतेम तीन हजार किलोमीटर गाडी चालवतो, त्यालाही महाग तेलाचा फायदा नाही. मुदत भरली की किलोमीटर कमी झाले असले तरी तेल बदलावंच लागतं. मग सातशेचं कशाला, चारशेचं पुरे.

म्हणजे सगळा खेळ बदलीच्या अंतराचा आहे. आणि ते अंतर दुकानदारानं नाही, गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकानं ठरवायचं. तीन हजारांचे सहा हजार आपल्या मनानं करायचे नाहीत, विशेषतः वॉरंटी चालू असताना.

सिंथेटिकचे रेणू एकसारखे असल्यानं ते उष्णतेत उशिरा खराब होतं, कमी उडतं आणि थंडीत लवकर वाहतं. यातला थंडीचा गुण आपल्या फारसा कामाचा नाही. डब्यावरच्या ‘१५ डब्ल्यू-४०’ मधला डब्ल्यू थंडीचा असतो. ‘१५ डब्ल्यू’ तेल शून्याखाली पंचवीस अंशांवरही पंपानं खेचलं जातं, आणि आपल्याकडे कडाक्याची थंडी म्हणजे आठ-दहा अंश. नवतपा मात्र आपल्याकडे खरा तापतो. पारा पंचेचाळीसच्या वर, त्यात महामार्गावर ट्रकांच्या मागं रखडत चाललेली गाडी. तिथं उष्णतेचा गुण उपयोगी पडतो.

‘सिंथेटिक’ म्हणजे प्रयोगशाळेत शून्यापासून बनवलेलं, असंही नेहमी नसतं. बरंचसं तेल कच्च्या तेलावरच हायड्रोजनची कडक प्रक्रिया करून बनतं. याला सिंथेटिक म्हणावं का, यावर अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांचा वाद झाला होता. १९९९ साली तिथल्या जाहिरात-तंटा विभागानं कॅस्ट्रॉलच्या बाजूनं कौल दिला. तेव्हा नावापेक्षा डब्यावरचा दर्जा वाचा. मोटरसायकलसाठी ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’ लिहिलेलंच घ्या. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच तेलातच बुडालेला असतो. कारचं घर्षण कमी करणारं तेल घातलं की तो घसरू शकतो. भावाच्या कारमधलं उरलेलं महाग तेल आपल्या गाडीत ओतण्याचा मोह टाळा.

ट्रॅक्टरचं गणित किलोमीटरवर नाही, तासांवर चालतं. चिखलणीत आणि मळणीत इंजिनवर ताण असतो, शिवाय भुसा आणि धूळ. सात-आठ लिटर तेल एका वेळेला लागतं. पुस्तकात अडीचशे तासांनी बदला असं असेल, तर सिंथेटिक टाकूनही अडीचशेच. खर्च जवळपास दुप्पट, मिळकत काही नाही. धूळ आत गेली तर तिला तेल महाग की स्वस्त ते कळत नाही. त्या पैशात एअर फिल्टर वेळेवर बदला.

बीएस-६ डिझेल गाडीचं मात्र वेगळं. २०२० नंतरच्या बऱ्याच डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी गाळणारा फिल्टर असतो. त्याला कमी राखेचंच तेल चालतं. स्वस्त म्हणून जुन्या दर्जाचं तेल टाकलं, तर हळूहळू फिल्टर तुंबतो आणि त्याचं बिल वर्षानुवर्षांच्या तेलाच्या बचतीपेक्षा मोठं येतं. इथं स्वस्त-महाग बघूच नये, पुस्तकात लिहिलेला दर्जाच घ्यावा.

माझं मत सांगतो. रोज नागपूर गाठणाऱ्यानं, पुस्तकात लांब अंतराची मुभा असेल तर सिंथेटिक घ्यावं. गावातल्या गाडीला आणि ट्रॅक्टरला चांगलं साधं तेल पुरे. दोन्ही बाबतींत सीलबंद डबा समोर फोडून घ्या, पक्कं बिल मागा आणि बदलाच्या दिवशीचा मीटरचा आकडा त्या बिलावरच लिहून ठेवा. तेवढी नोंद ठेवायची नसेल, तर महाग तेल घेऊ नका.