कागदावरचे ‘नाही’



वर्धापनदिनी गोडधोड बोलावे असा रिवाज आहे. मी मात्र आज माझ्या हातून घडलेली एक चूक सांगणार आहे. मामंजींना विचारूनच आले आहे. “सांग, म्हणजे दुसऱ्या कुणाचे वाचेल,” असे ते म्हणाले.

1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मागोमाग इतर कारखाने आले आणि गावोगावची माणसे इकडे लोटली. त्यांतलेच आमचे मामंजी. रात्रपाळी सुटली की चौघांबरोबर थोडी घ्यायची, ही सवय तेव्हाची. पुढे नोकरी संपली, सवय राहिली. सासूबाई गेल्यावर ती वाढलीच.

मागल्या वर्षी ते घरात पडले. हाड मोडले नव्हते, पण चालवेना. उचलायला घरी कोणी नाही, म्हणून त्याच दिवशी आम्ही त्यांना एका शुश्रूषागृहात ठेवले. तिथल्या कागदावर प्रश्न होता: ‘व्यसन?’ मी लिहिले, ‘नाही’. चार लोकांत नाव जायला नको, एवढाच विचार!

तिसऱ्या रात्री त्यांचे हात थरथरू लागले, अंग घामाने भिजले. भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या. “तुझ्या सासूला चहा दे,” असे ते मला सांगू लागले. तिथल्या माणसांनी ‘म्हातारचळ’ म्हणून त्यांचे हात खाटेला बांधले. सकाळी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारले, “बाई, हे घेत होते का?” तेव्हा कुठे माझे तोंड उघडले.

भगिनींनो, वर्षानुवर्षांची दारू एकाएकी तुटली की दोन-तीन दिवसांत असा भ्रम होऊ शकतो. झटके येतात, प्राणही जाऊ शकतो. म्हणून ती डॉक्टरांच्या नजरेखाली, औषधे देऊनच सोडवावी लागते. मामंजींना लगेच इस्पितळात हलवले, म्हणून ते वाचले.

पुढे शरीर सावरले, पण ते भिंतीकडे तोंड करून बसत. मनाच्या डॉक्टरांनी सांगितले, ही उदासी म्हणजे वार्धक्याचा धर्म नव्हे, तो आजार आहे आणि त्यावर उपाय आहे.

पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी 1986 साली ‘मुक्तांगण’ सुरू केले, ते व्यसनी माणूस हा रुग्ण आहे असे मानूनच. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही दारू व अमली पदार्थांमुळे होणारे मनाचे विकार मानसिक आजारांत धरले आहेत. 14416 या सरकारी क्रमांकावर मनाच्या दुखण्याबद्दल रात्री-अपरात्रीही फुकट सल्ला मिळतो.

तेव्हा आपले माणूस कुठे ठेवण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा. मनाचे डॉक्टर इथे येतात का? झोपेच्या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून देतात? आणि संध्याकाळी त्याच्याशी बोलायला कोण असते? कारण ती वेळच मोठी कठीण. आपल्या मंडळाने आठवड्यातून एक संध्याकाळ जवळच्या वृद्धाश्रमाला दिली, तर तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपणच होऊ.

आणि त्या कागदावर खरे ते लिहा. मी ‘नाही’ लिहिले होते. तुम्ही लिहू नका.