उत्तर आल्यावर ताळा

(१९९७च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, आता परदेशात चाललीस, काहीतरी प्रेरणादायी बोल." मी म्हटलं, आपण सगळे पंचेचाळिशीच्या आसपास आहोत. आपल्याला आता प्रेरणेपेक्षा गुडघ्याच्या तेलाची गरज जास्त आहे. त्यामुळे प्रेरणा राहू द्या. मी एका घराबद्दल बोलते.

ते घर तुमच्यापैकी निम्म्या लोकांना माहीत आहे. सावेडीतलं, दक्षिणेला तोंड असलेलं. व्हरांड्याच्या भिंतीला काळा रंग देऊन केलेला फळा. दहावीच्या वर्षी सकाळी सहा वाजता तिथे सतरंजीवर बसून तुम्ही बीजगणित सोडवलंत आणि नंतर आईच्या हातचे पोहे खाल्लेत. शाळेत ते तुमचे गणिताचे सर होते, घरी माझे अण्णा. ते घर आम्ही गेल्या मंगळवारी विकलं. विकायला पंधरा महिने लागले. त्या पंधरा महिन्यांचा हिशोब तुमच्यापुढे मांडायचा आहे, कारण त्यातली चूक कदाचित तुमच्याही घरात असेल.

झालं असं. माझ्या नवऱ्याला मॉरिशसमध्ये, एबेन नावाच्या भागातल्या एका कंपनीत नोकरी मिळाली. माझं काम कुठूनही करता येतं. आम्ही पुण्यातला भाड्याचा फ्लॅट सोडायचा आणि आईला घेऊन सगळ्यांनी जायचं, असं ठरलं. अण्णा २०२१ साली गेले. तेव्हापासून आई त्या घरात एकटीच होती. तिला मी नकाशा दाखवला. मॉरिशसचं सगळं क्षेत्रफळ मिळून सुमारे २,०४० चौरस किलोमीटर. आपला जिल्हा १७,०४८. म्हणजे आपल्या जिल्ह्यात आठ मॉरिशस बसतील. आई नकाशाकडे बघून म्हणाली, "एवढ्याशा जागेत माणसं चालताना समुद्रात पडत नाहीत का?" मग विचारलं, "तिथे काय पिकतं?" मी म्हटलं, ऊस. तेव्हा तिला जरा धीर आला. उसाच्या जिल्ह्यातून उसाच्या बेटावर जायचं, एवढंच.

उसाचं आणि त्या बेटाचं नातं मात्र आपल्यासारखं नाही. आपल्याकडे लोणीला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना उभा केला. तिकडे १८३४ पासून करारावर मजूर नेले. सगळ्या हिंदुस्थानातून मिळून जवळपास पाच लाख. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसंही होती, बरीचशी कोकणातली. पोर्ट लुईच्या धक्क्यावर ती ज्या पायऱ्या चढून गेली, त्या आजही आहेत. २००६ साली ती जागा जागतिक वारसा झाली. त्यांतले कितीतरी करार संपल्यावरही परतले नाहीत. म्हणून आज तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. आम्ही नोकरी पक्की करण्याआधी आठवडाभर तिथे जाऊन आलो, तेव्हा मी त्या पायऱ्यांपाशी उभी राहिले. माझ्या मनात आलं, यांना निघण्याआधी घर विकायची वाट बघावी लागली नसेल.

मी आईला म्हटलं, घराला कुलूप लावू आणि जाऊ. नंतर बघू. ती म्हणाली, "पाथर्डीची माणसं दसऱ्यानंतर घराला कुलूप लावून ऊस तोडायला जातात. ती परत येतात, म्हणून कुलूप लावतात. मी परत येणार नाही, हे मला ठाऊक आहे. मग कुलूप कशाला? घर विका, मगच मी हलते."

मीही विचार केला की दोन-तीन महिन्यांचं काम आहे. इथे असतानाच उरकलेलं बरं. तिकडून सही करायची तर कुलमुखत्यारपत्र उच्चायुक्तालयातून साक्षांकित करून पाठवा, इथे आल्यावर तीन महिन्यांत त्याचा मुद्रांक भरा, असा सगळा व्याप. तिथे शाळा जानेवारीत सुरू होतात. म्हणून नवरा आणि मुलगी पुढे गेले. मी लॅपटॉप घेऊन सावेडीत राहायला आले. दिवाळीतच गेटवर "घर विकणे आहे" ही पाटी लावून झाली होती.

गिऱ्हाइकं यायची. कुणी विचारायचं, पाणी रोज येतं का? कुणाला चारचाकी आत घालायची होती. बरेच जण तर गेटपाशी उभे राहून मोबाइलमध्ये दिशा बघायचे आणि "दक्षिणमुखी आहे हो" म्हणून तिथूनच वळायचे. फळा बघून प्रत्येक जण एकच वाक्य बोलायचा, "हे काढून टाकता येईल." आई आतून म्हणायची, "आधी घर तर घ्या."

फेब्रुवारीत एक चांगलं गिऱ्हाईक मिळालं. बोलणी झाली, इसार द्यायचा दिवस ठरला. त्यांच्या वकिलांनी सातबारा मागितला. मी ऑनलाइन काढला, आणि तिथे आमची गाडी थांबली. उताऱ्यावर अजून अण्णांचंच नाव होतं. मालक वारल्यावर वारसांनी तीन महिन्यांत तलाठ्याकडे कळवायचं असतं. आम्ही तीन वर्षं घालवली होती. मी रोज दुसऱ्यांच्या कंपन्यांचे बिनचूक डेटाबेस बनवते, आणि माझ्या घराच्या नोंदीत मालक म्हणून एक मेलेला माणूस होता.

वारस नोंदीचा अर्ज केला. वारस तीन : आई, ताई आणि मी. तेव्हा एका नातेवाइकांनी सल्ला दिला. आईंना या वयात कचेरीत कशाला हेलपाटे? त्यांचं हक्कसोडपत्र करून घ्या, म्हणजे पुढे तुम्हा दोघी बहिणींच्या सह्यांत काम होईल. मला ते एकदम पटलं. तीन सह्यांपेक्षा दोन सह्या सोप्या. मी स्वतः वकिलांकडून मसुदा करून आणला आणि भाजी निवडत बसलेल्या आईपुढे ठेवला.

तिने चष्मा लावला आणि सगळं वाचलं. मग विचारलं, "हे कशाचं सोडपत्र?"

मी म्हटलं, "घरातल्या तुझ्या हिश्शाचं."

"म्हणजे आत्ता माझा हिस्सा आहे?"

"हो. तिसरा."

"कधीपासून?"

"अण्णा गेले तेव्हापासून."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मेथीची जुडी तशीच हातात. लग्न होऊन आली तेव्हापासून ती "ह्यांचं घर" म्हणत आली होती. १९८६ साली अण्णांनी कर्ज काढून ते बांधलं, तेव्हा विटांवर पाणी मारायला रोज संध्याकाळी तीच जायची. बहात्तराव्या वर्षी तिला कळलं की कायद्याने त्यातलं तिसरं माप तिचं आहे. आणि ते कळलं कधी, तर मुलगी ते सोडून द्यायला सांगत होती तेव्हा. १९५६ च्या कायद्यापासून बायकोचा आणि मुलींचा हा हक्क आहे. मला तो माहीत होता. मी तो तिला सांगितला नव्हता, कारण तिने विचारलं नव्हतं.

तिने कागदाची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "राहू दे माझं नाव. विकताना मी येऊन सही करीन. चालायला पाय आहेत मला."

मित्रांनो, त्या दिवशी मला जेवढी लाज वाटली, तेवढी दहावीच्या सहामाहीला भूमितीत नापास झाले तेव्हाही वाटली नव्हती. आणि तेव्हा पेपर कुणी तपासला होता, हे तुम्हाला माहीतच आहे.

वारस नोंदीची नोटीस निघाली, हरकतींचे पंधरा दिवस गेले, नोंद मंजूर झाली. सातबाऱ्यावर तीन बायकांची नावं आली. पण त्याच उताऱ्यावर "इतर हक्क" या रकान्यात आणखी एक ओळ होती : एका पतसंस्थेचा बोजा. अण्णांनी घरासाठी काढलेलं कर्ज. आईला खात्री होती की ते केव्हाच फिटलंय. आम्ही ट्रंक उघडली. दहावीच्या जुन्या प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली एक फाइल निघाली. प्रत्येक हप्त्याची पावती, तारखेप्रमाणे लावलेली. शेवटी १९९९ सालचं पत्र, कर्ज पूर्ण फिटल्याचं.

ते पत्र तलाठ्याकडे नेऊन बोजा कमी करून घ्यायचा राहिला होता. तुम्हाला आठवतंय, सर काय म्हणायचे? उत्तर आलं म्हणून पेन खाली ठेवायचा नाही, आधी ताळा करायचा. आपल्या सगळ्यांना ताळा करायला लावणाऱ्या माणसाने आयुष्यातलं सगळ्यात मोठं गणित अचूक सोडवलं, आणि ताळा तेवढा राहून गेला.

आता ती पतसंस्था अवसायनात निघालेली. जुनं पत्र चालेना, नवीन दाखला हवा. अवसायक ठरलेल्या दिवशीच भेटणार, आणि त्या दिवशी त्यांना दुसरीकडे बैठक. त्यात चार महिने गेले. फेब्रुवारीतल्या गिऱ्हाइकाने दुसरीकडे घर घेतलं. त्यांना दोष देता येत नाही.

वाट बघण्याचा एक भाग कागदांवर लिहिलेला नसतो, तोही सांगते. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. मॉरिशस आपल्यापेक्षा दीड तास मागे. तिची शाळा सुटली की इकडे संध्याकाळ झालेली असायची, आणि तिचा फोन यायचा. आधी रोज तासभर, मग अर्धा तास, मग "आई, नंतर करते". तिला पहिली पाळी आली त्या दिवशी मी पतसंस्थेच्या बंद दाराबाहेर बाकावर बसले होते. तिच्या मैत्रिणीच्या आजीने सगळं नीट केलं. त्या आजीचे पूर्वज मराठी. आजीला मराठी थोडंच येतं, बाकी सगळं क्रिओलमध्ये. तरी तिने माझ्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवून "बाळा" म्हटलं. एवढं ऐकून मी त्या बाकावर रडले. घर राहू दे तसंच, जाते मी, असं आईला सांगायचं ठरवून घरी आले. आईने माझा चेहरा बघितला आणि म्हणाली, "तू जा. मी विकून येते." तेव्हा मला जाता येईना.

पावसाळ्यानंतर एक एजंट मोठं गिऱ्हाईक घेऊन आला. भाव आम्ही मागितला तेवढा, पण निम्मे पैसे रोख. बोजा अजून उतरला नसला तरी ते थांबायला तयार होते. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला कायद्याने बंदी आहे, हे मला माहीत होतं. तरी खरं सांगते, मी डळमळले. अकरा महिने झाले होते. आई शांतपणे एजंटला म्हणाली, "अहो, एवढ्या नोटा घेऊन मी कुठे जाऊ? माझ्या तिसऱ्या हिश्शाचे सगळे चेकने द्या. पोरींनी त्यांचं बघावं." पोरी काय बघणार? गिऱ्हाईक गेलं.

नोव्हेंबरमध्ये दाखला मिळाला, बोजा उतरला. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे त्यानंतर दोन महिन्यांत घर विकलं गेलं. सरकारी दवाखान्यात काम करणाऱ्या एक नर्सताई आणि त्यांचे यजमान. कर्ज काढून घेतलंय. बँकेच्या वकिलांनी तीस वर्षांचा शोध घेतला आणि एकही शंका काढली नाही. घर त्यांनी ताईंच्या नावावर केलं. २०२१ पासून महाराष्ट्रात बाईच्या नावाने राहतं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, म्हणून. कारण काहीही असो, आईला ते फार आवडलं. दक्षिणमुखी आहे, असं मीच आधी सांगून टाकलं. नर्सताई म्हणाल्या, "मी रात्रपाळीहून येते. दार कुठल्याही दिशेला असो, लवकर उघडलं म्हणजे झालं."

मंगळवारी दुय्यम निबंधकांच्या कचेरीत आईचा अंगठा मशीनवर उमटेना. भांडी घासून, धुणी धुऊन रेषा पुसल्या गेलेल्या. पाचव्या वेळी उमटला. साहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "आजी, राजीखुशीने विकताय ना? पैसे मिळाले?" आई म्हणाली, "हो. तिसरा हिस्सा माझा आहे." साहेबांनी तेवढं विचारलं नव्हतं.

मी पंधरा महिने समजत होते की आम्ही घर विकलं जाण्याची वाट बघतोय. तसं नव्हतं. विकायला दोनच महिने लागले. बाकीचे तेरा महिने ते घर आमचं व्हायला लागले. जे आपलं झालेलं नाही, ते सोडून जाता येत नाही.

तेव्हा सरांच्या वतीने तुम्हाला गृहपाठ देते. घरी गेल्यावर आपल्या घराचा किंवा जमिनीचा उतारा काढा. त्यावर जिवंत माणसांची नावं आहेत का, बघा. इतर हक्कांत फिटलेल्या कर्जाची ओळ राहिली असेल, तर संस्था चालू आहे तोवर दाखला आणून ती काढून घ्या. आणि आईला, बायकोला, बहिणीला तिचा हिस्सा किती, हे तिच्याकडून काहीही सोडवून घ्यायच्या आधी सांगा. तपासायला मी येणार नाही. ताळा तुमचा तुम्हीच करायचा आहे.

शनिवारी आमचं विमान आहे. आईने बरोबर घेतलेल्या सामानात मेथीचं बी आहे, त्या मातीत येतं का बघायला. फळा भिंतीतच आहे, तो नेता येत नाही. नर्सताईंचा मुलगा यंदा आठवीत आहे. फळा काढणार का, असं मी त्यांना विचारलं नाही.