वाद झाला तर छापा



आपला नांदेड-लातूरचा साहित्यव्यवहार आता बराचसा व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर चालतो. म्हणून आज मी तिथल्या भांडणांविषयी बोलणार आहे. त्यांना किरकोळ म्हणून सोडून देणे मला पटत नाही.

सकाळी कुणी गझल टाकतो. जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागते. एखादा लिहितो, ‘दुसऱ्या शेरात काफिया चुकला आहे.’ दुपारपर्यंत काफिया बाजूला पडतो. कुणाला पुरस्कार कसा मिळाला, हे निघते. दोघे-तिघे ग्रुप सोडतात. अ‍ॅडमिन इतरांचे लिहिणे बंद करतो आणि रात्री त्याच नावाला ‘नवीन’ जोडून दुसरा ग्रुप उभा राहतो. स्नेहमेळावा नांदेडला घ्यायचा की लातूरला, यावरूनही फूट पडते. मग विभागीय आयुक्तालयाचा जुना वाद निघतो, २०१७ मध्ये मुंबई-लातूर एक्सप्रेस बिदरपर्यंत नेल्याचा राग निघतो. ‘अहमदपूरला घेऊ’ म्हणणाऱ्याचे कुणी ऐकत नाही.

हे का होते? आपल्या गावांत कवी, प्राचार्य, प्रकाशक आणि पुरस्कार समितीचा सदस्य एकाच ग्रुपमध्ये असतात. उद्या ज्याच्यापुढे मुलाखतीला बसायचे, त्याच्या कवितेला वाईट कसे म्हणणार? माणूस वर्षभर गप्प राहतो आणि एका दिवशी नको ते बोलून जातो. अ‍ॅडमिनला वेगळीच धास्ती असते: सदस्याच्या मजकुरासाठी आपणच अडकू. वास्तविक केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी त्याला दोषी धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदियाच्या एका प्रकरणात सांगितले आहे.

वाद वेगळ्या रीतीनेही घालता येतो. याच नांदेडात नरहर कुरुंदकर पीपल्स कॉलेजचे प्राचार्य होते. त्यांचे मतभेद थोडेथोडके नव्हते. पण ते नाव घेऊन, पूर्वपक्ष नीट मांडून, सविस्तर लिहीत. म्हणून ते १९८२ मध्ये गेले तरी ‘जागर’ आणि ‘शिवरात्र’ ही पुस्तके उघडून आजही त्यांच्याशी वाद घालता येतो. २०२२ च्या एप्रिलमध्ये उदगीरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्याच गावात विद्रोही संमेलनही भरले. तो मतभेद उघड होता, दोन्ही मांडवांत लोक होते. इंटरनेटवरही हे जमते. १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘मायबोली’वर मराठी माणसे कडाकडा भांडली आहेत, तिथल्या जुन्या चर्चा आजही वाचायला मिळतात.

आपल्या ग्रुपवरचे मात्र काहीच उरत नाही. फोन बदलला की वाद गेला. नव्याने आलेल्याला आधीचे ठाऊक नसते, म्हणून तेच भांडण पहिल्यापासून सुरू होते. यात सर्वांत मोठे नुकसान नवोदितांचे होते. काफिया चुकला असे सांगणारा निघून जातो आणि मागे उरतात फक्त हात जोडणारे. मुखेडच्या किंवा औशाच्या विशीतल्या कवीला खरे सांगणार कोण?

आयोजकांना माझी विनंती आहे. पुढच्या स्मरणिकेत दहा पाने वादांसाठी राखून ठेवा. वर्षभरात जे भांडले, त्या दोन्ही बाजूंना नावानिशी लिहायला सांगा आणि दोन्ही लेख शेजारी-शेजारी छापा. जे ग्रुप सोडून गेले, त्यांना पहिला फोन करा.